गाव बदलले, खात्याचे काय?

परगावी कामाला गेलेला माणूस दोन दिवसांत खोली शोधतो, चार दिवसांत खानावळ लावतो. पण मजुरी ठेवण्यासाठी स्वतःच्या नावाचे खाते काढायला त्याला वर्ष लागते. कापडाच्या धंद्यात आम्ही हे सतत पाहत आलो आहोत. वळसंगचा मुलगा भिवंडीत मागावर लागला, की त्याच्या हजेरीचे पैसे मुकादमाच्या किंवा खोलीतल्या एखाद्या जुन्या सोबत्याच्या खात्यावर जमा होऊ लागतात. त्यातून उचल कापली जाते, भिशी (तिकडे मागवाल्यांच्या खानावळीला भिशी म्हणतात) कापली जाते आणि उरले-सुरले गावी पाठवले, असे सांगितले जाते. हिशेब सगळा तोंडी. ईदला घरी निघताना 'माझे किती राहिले' यावरून तंटा होतो, आणि मजुराच्या हाती दाखवायला ना पावती असते ना पासबुक. बँकेच्या लेखी ज्याचे खाते त्याचे पैसे. ते आपले होते हे सिद्ध करत बसणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही.

वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. मराठी, कानडी, तेलगू आणि आमची दखनी, चारही बोली इथे एका टपरीवर ऐकू येतात. गावाची रोजी माग, शेती आणि मजुरीवर. ती पुरेनाशी झाली की तरुण पुणे, भिवंडी, सुरत, बंगळूर गाठतात. काही जण दुबई-रियाधपर्यंत जातात. या सगळ्यांसाठी आम्हाला एकच गोष्ट सांगावयाची आहे. गाव सुटले की बँकेची दोन कामे असतात : नव्या ठिकाणी आपल्या नावाचे खाते सुरू करणे आणि जुन्या खात्याला आपण हललो हे कळविणे. पहिले काम लोक उशिरा करतात आणि दुसरे करीतच नाहीत.

ओळख देणारा आता लागत नाही

खाते का काढले नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : “चाचा, इथे आपल्याला ओळखतो कोण? बँकवाले ओळख मागतात.”

हे एके काळी अगदी खरे होते. नव्वदच्या दशकात आम्ही मालासाठी भिवंडीला ये-जा करीत होतो, तेव्हा फॉर्मवर ओळख देणाऱ्याची सही लागे. तो त्याच शाखेचा जुना खातेदार असला पाहिजे, त्याचे खाते व्यवस्थित चाललेले असले पाहिजे, अशा अटी. परक्या शहरात असा माणूस म्हणजे पेढीचा मुनीम किंवा स्वतः शेठ. मुनीम सही देई, पण मग तो कारीगर त्याच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नसे. दुसऱ्या कारखान्यात जातो म्हटले तर 'तुझे खाते मी काढून दिले' हे ऐकावे लागे. ओळखीच्या सहीपायी माणूस एका दाराला बांधला जात असे.

ती अट संपली, ही गोष्ट आजही अनेकांच्या कानावर गेलेली नाही. खाते उघडण्यासाठी जुन्या खातेदाराची ओळख कायद्याने आवश्यक नाही आणि बँकांनी तिचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१२ मध्ये बँकांना कळविले. त्यानंतर जून २०१४ मध्ये दुसरी सवलत आली. तोपर्यंत कायमचा पत्ता एक आणि राहण्याचा पत्ता दुसरा असेल तर दोन्हींचे पुरावे मागितले जात. आता पत्त्याचा एकच पुरावा पुरतो, मग तो गावचा असो की नव्या शहराचा. बदलीवाले नोकर आणि स्थलांतर करणारे मजूर यांची अडचण लक्षात घेऊनच हा बदल झाला होता.

आज जे नियम चालतात ते २०१६ सालच्या रिझर्व्ह बँकेच्या 'आपला ग्राहक ओळखा', म्हणजे केवायसीच्या निर्देशांतून आले असून त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यांत सहा कागद मान्य आहेत : पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्ता असलेले पत्र. या सहांपैकी कोणताही एक, सोबत फोटो आणि पॅन. पॅन नसेल तर त्याऐवजी प्राप्तिकर खात्याच्या नमुन्यातील जाहीरनामा. रेशन कार्ड या यादीत नाही. सरपंचाचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखलाही नाही. हे कागद घेऊन लोक बँकेत जातात, परत येतात आणि बँक आपल्याला हाकलते असा गैरसमज करून घेतात. मतदार कार्ड मात्र घरात पेटीत पडलेले असते.

आधारबद्दल एक खुलासा करावासा वाटतो. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खात्याला आधार जोडण्याची सक्ती राहिलेली नाही. सरकारी अनुदान खात्यावर हवे असेल तर मात्र ते द्यावे लागते. तरीही परगावी गेलेल्याला आम्ही आधारच पुढे करा, असे सांगतो, कारण पत्त्याचा प्रश्न त्याने सर्वांत सोपा सुटतो. आधारची पडताळणी अंगठ्याने किंवा मोबाईलवर आलेल्या आकड्याने झाली आणि कार्डावर वळसंगचा पत्ता असला, तर सध्या मी अमुक ठिकाणी राहतो असे स्वतःच्या सहीचे निवेदन देता येते. खोलीमालकाच्या करारपत्राची गरज नाही. भिवंडीत एका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपतात. त्यांना कोण करारपत्र करून देणार?

दुसरा कागद वापरणार असाल आणि त्यावर जुना पत्ता असेल, तर दोन महिन्यांच्या आतले वीज, पाणी, टेलिफोन किंवा गॅसचे बिल, नाहीतर घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. पण तीन महिन्यांच्या आत नव्या पत्त्याचा मूळ कागद आणून द्यावा लागतो. सहांपैकी एकही कागद नसेल, तरी दार बंद नाही. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही-अंगठा देऊन 'लहान खाते' उघडता येते. त्यात एका वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. मुदत एक वर्ष. कागद मिळण्यासाठी अर्ज केला आहे असा पुरावा दिला तर आणखी एक वर्ष. मजुरीसाठी तेवढ्यावर भागते.

कमीत कमी शिल्लक ठेवणे जमणार नसेल, तर 'मूलभूत बचत खाते' मागून घ्यावे. त्यात शिल्लकीची अट नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढण्याची सोय. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेली जनधन खाती याच जातीची. मात्र त्याच बँकेत आपले दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, हे विचारात घ्यावे. काउंटरवरचा मनुष्य हे खाते आपण होऊन सुचवत नाही, असा आमचा अनुभव आहे. नाव घेऊन मागावे लागते.

नावाचे स्पेलिंग

आमच्या समाजात खरी गाडी अडते ती पत्त्यावर नव्हे, नावावर. एकाच माणसाच्या आधारवर 'शेख' पुढे, पॅनवर तेच मागे. इंग्रजीत कुठे मोहम्मद पूर्ण लिहिलेले, कुठे नुसते 'एम डी', कुठे 'एम ओ एच डी'. वडिलांचे नाव मध्ये घालण्याची महाराष्ट्राची पद्धत एका कागदावर पाळलेली, दुसऱ्यावर नाही. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. हजेरीपटावर नाव उर्दूत, दाखल्यावर मास्तरांना सुचेल तसे मराठीत आणि पुढे इंग्रजीत ज्याने फॉर्म भरला त्याच्या मर्जीप्रमाणे. गावात याने काही बिघडत नाही, कारण शाखेतला शिपाईसुद्धा आपल्या वडिलांना ओळखतो. परक्या शहरात संगणक दोन नावे शेजारी ठेवतो आणि जुळत नाहीत म्हणतो.

म्हणून गाव सोडण्याआधी एक संध्याकाळ काढावी आणि आधार, पॅन, मतदार कार्ड व जुने पासबुक एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. कोणत्या कागदाप्रमाणे बाकीचे करावयाचे, हे घरात एकदा ठरवावे. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा तिथे घाईने हात घालू नये. बहुतेक वेळा पॅनमध्ये दुरुस्ती करून ते आधारशी जुळवणे सोपे जाते. परदेशाचा विचार असेल, तर पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये. नुसते एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन आणि भेटीच्या व्हिसासाठी अटकाव केला, आणि विमानतळावरून माणसे परत फिरली.

लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींसाठी वेगळा मुद्दा आहे. जुन्या नावाचा कागद त्यांना चालतो, पण सोबत राज्य सरकारने दिलेले विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद जोडावी लागते. नुसता निकाहनामा बँक घेत नाही. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. निकाहनाम्यावरून ती करून घेणे अवघड काम नाही. नवरा सुरतेत आणि बायको वळसंगला अशी किती तरी घरे आहेत. तिथे बायकोचे स्वतःचे खाते असले, तर पैसे दिराच्या किंवा सासऱ्याच्या हातून फिरत नाहीत.

सहीविषयी विचारणा होते म्हणून सांगतो. सही उर्दूत चालते. कोणत्या लिपीत सही करावी यावर बंधन नाही, काही बँका त्याबद्दल वेगळे निवेदन भरून घेतात इतकेच. अट एवढीच, की आज जशी केली तशीच दहा वर्षांनी यावी. आमची उर्दू सही आजवर एकदाही नाकारली गेली नाही, उलट तिची नक्कल करणे कठीण म्हणून एका मॅनेजरसाहेबांनी तिची तारीफ केली होती.

वस्ती पाहून नकार मिळाला तर

कागद बरोबर असूनही 'साहेब नाहीत', 'सर्व्हर बंद आहे', 'तुमच्या भागातली खाती आम्ही घेत नाही', अशी उत्तरे मिळतात. शेवटचे उत्तर फक्त कल्पना नव्हे. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नमूद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग 'नकारात्मक क्षेत्र' म्हणून वेगळे काढले होते आणि तिथे कर्ज व इतर सोयी सहज दिल्या जात नसत. नव्याने आलेला भाडेकरू साहजिकच अशाच वस्तीत उतरतो.

यावर भांडण न करता लेखी बोलावे. ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळे सर्वसामान्यांना, विशेषतः आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागे पडलेल्यांना, बँकेची सेवा नाकारली जाऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचेच निर्देश आहेत. २०२५ साली त्यात भर पडली : विचार न करता अर्ज फेटाळता येणार नाही आणि फेटाळला तर संबंधित अधिकाऱ्याने कारण नोंदवले पाहिजे. तेव्हा अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी आणि कारण लिहून द्या, इतकेच म्हणावे. निम्म्या वेळा तेवढ्याने काम होते. न झाल्यास आधी बँकेकडेच लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ पासून लोकपालाची योजना देशभर एकच झाली आहे, त्यामुळे सुरतेतील शाखेची तक्रार वळसंगला बसूनही करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही.

नवे खाते हवेच का?

प्रत्येकाला हवेच असे नाही. एके काळी खाते शाखेचे असे. वळसंगच्या पासबुकावर भिवंडीत पैसे मिळत नसत. आता बँका संगणकाने जोडल्या गेल्या, २०१६ पासून यूपीआय आले, आणि गावचे खाते खिशातल्या मोबाईलवर चालते. त्याच बँकेची शाखा नव्या गावी असेल तर खाते तिकडे वळते करून घेता येते. एका शाखेने केलेली कागद-तपासणी दुसऱ्या शाखेत चालते. एकटा माणूस, एक पगार, अशा ठिकाणी हे पुरेसे आहे.

पण गावच्या खात्याचे कार्ड घरी बायको-आईवडिलांजवळ ठेवले असेल, तर दुसरे खाते काढावेच. एकाच खात्यातून दोन गावी पैसे निघू लागले की महिन्याच्या शेवटी कुणी काढले, कुणी नाही, हा संशय घरात शिरतो. तसेच जुने खाते पतसंस्थेत असेल तर. पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिथल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे, आधी तो एक लाखच होता. सोलापूरकरांना याची किंमत कळली ती दि लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला तेव्हा. पाच लाखांच्या आतल्या ठेवीदारांना विम्याने आधार दिला; त्यावर ज्यांची रक्कम होती त्यांना अवसायकाची वाट धरावी लागली. परगावी राहणाऱ्याने तर बँक निवडताना हे पाहावेच, कारण बँकेच्या दारात गर्दी झाली तर त्याला ते सर्वांत शेवटी कळते.

व्याज नको म्हणून खातेच नको, अशी भूमिका घेणारे आमचे काही बांधव आहेत. त्यांच्यासाठी चालू खाते आहे, त्यावर व्याज मिळत नाही. शिल्लकीची अट मात्र बचत खात्यापेक्षा जड असते, ती आधी विचारून घ्यावी.

आता जुन्या खात्याबद्दल. गाव सोडल्यावर सर्वांत आधी तुटतो तो मोबाईल नंबर. नव्या शहरात स्वस्त सिम मिळाले म्हणून जुने फेकून दिले, की बँकेचा आकडा येणे बंद, आणि काही महिन्यांनी तो नंबर कंपनी दुसऱ्याच कुणाला देते. जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातानाही तोच नंबर ठेवता येतो. तो ठेवावा, बदलायचाच असेल तर आधी बँकेत बदलावा, मग सिम. दोन वर्षे खात्यात आपण काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होते. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करण्याचे शुल्कही घेता येत नाही. दहा वर्षे तसेच राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. बुडत नाही, पण परत मागण्यासाठी अर्ज करावा लागतो. आणि वारसाचे नाव लावलेले आहे की नाही ते जरूर पाहावे. परक्या शहरात अपघात होऊन गेलेल्या कारीगराचे पैसे काढण्यासाठी त्याची आई दोन जिल्ह्यांत फिरते, हे आम्ही पाहिले आहे. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे लावता येतात.

खाते भाड्याने देऊ नका

नव्या मुलांना गाठून 'तुझे खाते आणि कार्ड महिनाभर दे, पाच हजार घे' म्हणणारे लोक आता औद्योगिक वस्त्यांत फिरतात. हा साधा मामला नाही. फसवणुकीचे पैसे अशा खात्यांतून फिरवले जातात आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराकडे. ज्याने कार्ड घेतले त्याचे नाव-गाव कुणालाच ठाऊक नसते. खाते गोठते, आणि मुलाचा स्वतःचा पगारही त्यात अडकतो. चुकून असे झालेच असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेत ताबडतोब लेखी कळवावे.

याची झळ व्यापाऱ्यालाही लागते. अनोळखी गिऱ्हाइकाने चादरी घेऊन मोबाईलवरून पैसे टाकले आणि ते पैसे मुळात फसवणुकीचे निघाले, तर आपल्या चालू खात्यावरही अटकाव येतो. अशा वेळी विक्रीचे बिल, मालाची पावती आणि गाडीची बिल्टी हाच बचाव. रोखीच्या सवयीने बिल न फाडणाऱ्यांना हे जड जाईल.

दुकान घेऊन दुसऱ्या शहरात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचे खाते काढायला मालकाच्या कागदांशिवाय धंद्याचे दोन पुरावे मागतात. दोन मिळणे खरोखर शक्य नसेल तर बँक खातरजमा करून एकावर भागवू शकते. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते; तिची पोच हा एक पुरावा झाला. जुलै २०२० पासूनची उद्यम नोंदणी फुकट आहे, ती दुसरा पुरावा होते. सुरत किंवा हैदराबादेत दुकान टाकले तर जीएसटी नंबर त्या राज्याचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, किंवा विक्रीचे पहिले विवरण भरण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोवर बँक खात्याची माहिती द्यावी लागते. नाही दिली तर नंबर स्थगित होऊ शकतो. म्हणजे इथे खाते हे पहिल्या महिन्याचेच काम आहे.

समुद्रापार गेलेल्यांसाठी

आखातात आता पगार हातात देण्याची पद्धत मागे पडली. अमिरातीने २००९ पासून आणि सौदीने २०१३ पासून पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू केली. तिथे खाते काढण्यासाठी पासपोर्टबरोबर त्या देशाचे राहण्याचे ओळखपत्र लागते, सौदीत इकामा आणि अमिरातीत एमिरेट्स आयडी. ते हाती येईपर्यंत थांबावे लागते. कमी पगाराच्या कामगाराला पुष्कळदा पूर्ण खाते न देता नुसते पगाराचे कार्ड देतात; त्यातून पैसे निघतात, पण साठवून ठेवायला ते खाते नव्हे.

खरी गफलत इकडच्या खात्याची होते. नोकरीसाठी देश सोडला, की त्या दिवसापासून परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने माणूस अनिवासी होतो. १८२ दिवस मोजत बसण्याचा प्रश्न इथे नाही. मग सोलापूरचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते बँकेला सांगून अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे एनआरओमध्ये, बदलून घ्यावे लागते. घरभाडे, शेतीचे पैसे, दुकानाचा वाटा अशी इथली कमाई त्यात जमा होते, आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के व अधिभार असा कर आधीच कापला जातो. तिकडून पाठवलेल्या पगारासाठी वेगळे एनआरई खाते काढावे. त्यातली रक्कम हवी तेव्हा परत बाहेर नेता येते आणि त्याच्या व्याजावर इथे प्राप्तिकर नाही. दोन खाती का, असे लोक विचारतात. कारण पैशाची वाट दोन बाजूंची आहे, आणि सरकारला ती वेगवेगळी दिसली पाहिजे.

एनआरई खात्यावर जवळच्या नातेवाइकाचे नाव 'आधी तो, नंतर मी' या पद्धतीने लावता येते, किंवा पत्नीला अगर वडिलांना स्थानिक खर्चापुरते अधिकारपत्र देता येते. घर चालायला तेवढे बस होते. हे सगळे जाण्यापूर्वी, व्हिसा आणि करारपत्र हाती असतानाच, शाखेत उभे राहून करावे. तिकडून करावयाचे तर कागद भारतीय वकिलातीतून किंवा नोटरीकडून साक्षांकित करून पाठवावे लागतात आणि एका सहीसाठी महिना जातो. अमिराती, सौदी, कतार, ओमान यांसह दहा देशांच्या मोबाईल नंबरवर एनआरई-एनआरओ खात्याचे यूपीआय चालविण्यास जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आपली बँक ती सोय देते का, हे निघण्याआधी विचारावे. पैसे पाठविण्यासाठी हवालावाल्याचा भाव दोन पैसे बरा दिसतो, पण तो मार्ग बेकायदा आहे आणि त्याची पावती नसते. उद्या त्या पैशातून जागा घेतली आणि पैसे कुठून आले विचारले, तर दाखवायला काही उरत नाही.

करार संपवून कायमचे परत आलात, की हाच फेरा उलटा. दोन्ही खाती पुन्हा निवासी करून घ्यावी लागतात. बाहेरची शिल्लक परकीय चलनातच ठेवायची असेल तर परतलेल्यांसाठी असलेले आरएफसी खाते मागावे. विमानतळावरून घरी आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत, पाहुण्यांची ये-जा ओसरली की, पासपोर्टवरचा शिक्का घेऊन शाखेत जावे.